पडलेल्या दांतांची लाज

वाचकांपैकीं कित्येकांस हा विषय या पत्रास शोभण्याजोगा वाटणार नाहीं. दांत पडणें ही शरीराची गोष्ट. तिचा नीतीशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या गोष्टीमुळें एखादें माणूस चारचौघांत हंसेनासें होतें, पंक्तींतून अर्धपोटीं उठतें आणि मंडळींत बसूनहि मुकें राहतें, ती केवळ शरीराची गोष्ट उरत नाहीं. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें योजिलें आहे कीं, हिरड्यांच्या रोगानें ज्याचे दांत गेले त्यानें लाज बाळगावी काय, आणि त्याला लाजविण्याचा शेजाऱ्यास अधिकार काय?

प्रथम मजकडून घडलेली एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मी ज्या मंडळीचा पाळक होतों तेथें प्रभुभोजनाच्या वेळीं एकच पेला हातोहात फिरत असे. त्या मंडळींत एक बाई होती; वय चाळीस-बेचाळीस, शेतमजुरी करणारी, गळा गोड. भजन तिनें उचललें कीं मागच्या रांगेंतलीं म्हातारीं माणसें सुद्धां सांवरून बसत. हळूहळू तिनें पुढें बसण्याचें सोडलें. मग गाणें सोडलें. पुढें प्रभुभोजनाच्या रविवारीं उपदेश संपतांच ती उठून बाहेर जाऊं लागली. एकदां झालें, दोनदां झालें. पांचव्या-सहाव्या वेळीं मंडळीच्या वडिलांनीं मला सांगितलें कीं, पाळकसाहेब, हिच्या मनांत कांहीं तरी आहे. जावेशीं तिचें भांडण असावें, आणि तें मिटल्याशिवाय ती पेल्यास हात लावीत नसावी. मला तें पटलें. इतकेंच नव्हे, तर हिची सदसद्विवेकबुद्धि अजून जागी आहे असें म्हणून मीं मनांतल्या मनांत तिची थोडी वाखाणणीहि केली, आणि तिला समज देण्याकरितां एके सायंकाळीं तिच्या घरीं गेलों.

ती चुलीपुढें भाकऱ्या थापीत होती. मीं जावेचा विषय काढला तेव्हां ती बुचकळ्यांत पडली. जाऊ तर तेथेंच पलीकडे लसूण सोलीत बसली होती, आणि दोघींचें उत्तम चाललें होतें! मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं पदर तोंडावर तसाच धरून ती म्हणाली, "पाळकसाहेब, माझ्या हिरड्यांतनं रगत येतंय. त्या पेल्याला लागलं तर मागनं पिणाऱ्यानं काय करावं? आन् वासबी येतो. माणसं तोंड फिरवत्यात, मला दिसतंय की."

तीन वर्षें तिनें हें कोणास सांगितलें नव्हतें, नवऱ्यासहि नाहीं. पुढचे दोन दांत हालूं लागले तेव्हांपासून ती सर्वांचें जेवण झाल्यावर, भाकरी कालवणांत कुस्करून, भिंतीकडे तोंड करून खात असे. घरच्यांस वाटलें कीं बाईमाणसाचें मागून जेवणें रीतीचेंच आहे. मंडळीस वाटलें कीं तिचें कोणाशीं बिनसलें आहे. पाळकास वाटलें कीं तिच्यावर पापाचें ओझें आहे. तिचा रोग मात्र कोणासहि दिसला नाहीं, कारण तो दिसूं नये यासाठींच ती रात्रंदिवस खपत होती.

तेव्हांपासून मी या लाजेकडे लक्ष देऊं लागलों, आणि जितकें लक्ष दिलें तितकें मला ती चमत्कारिक वाटूं लागली. हात मोडला तर माणूस तो गळ्यांत बांधून गांवभर हिंडतो. डोळ्यांत मोतीबिंदु आला तर नातवाचा हात धरून चालतो. दांताचें तसें नाहीं. बरें, दांत नसणें हेंच वाईट दिसतें म्हणावें, तर तेंहि खरें नव्हे. सहा-सात वर्षांच्या पोराचे पुढचे दांत पडले कीं घरांत केवढें कौतुक होतें! पडलेला दांत कोणी छपरावर फेकतात, कोणी उंदराच्या बिळांत टाकतात, आणि पोराला मुद्दाम हंसवून तें खिंडार पाहुण्यांस दाखवितात. तान्ह्या मुलाचें बोळकें तोंड तर आपणांस जगांत सर्वांत गोड वाटतें. आजीचें बोळकेंहि कोणास विद्रूप वाटत नाहीं. तिला खलबत्त्यांत पान कुटून देण्यांत नातवंडांस मौज वाटते. म्हणजे तोंडांत दांत नसण्याची चीड कोणासच नाहीं. परंतु या दोन टोकांच्या मध्यें, पस्तिशी-चाळिशींत, तेंच खिंडार पडलें तर पाहणाराच्या मनांत लगेच प्रश्न उभा राहतो कीं, यानें असें काय केलें असेल? खिंडार तेंच, पण आतां त्याचा न्याय होतो.

आपल्या भाषेनेंहि या न्यायास हातभार लावला आहे. कोणाचा पुरता पाडाव करणें म्हणजे त्याचे दांत त्याच्या घशांत घालणें. निर्लज्ज हंसतो तो दांत काढतो. ओशाळा हंसतो तो दांत विचकतो. दांत जाणें आणि मान जाणें या दोन गोष्टी आपल्या बोलण्यांत इतक्या जवळ बसल्या आहेत कीं, ज्याचे दांत खरोखर गेले त्याला आपला मानहि गेला असें वाटावें यांत नवल नाहीं.

उपदेशकबंधूंस याची निराळीच अडचण. त, थ, द, ध, न हे वर्ण आपण दंत्य म्हणून शाळेंत शिकतों. स हाहि त्यांतलाच. पुढचे दांत गेले कीं हे वर्ण जिभेला टेकण्यास जागा न मिळून वाऱ्यावर जातात. माझ्या ओळखीच्या एका उपदेशकाचे वरचे तीन दांत छत्तिसाव्या वर्षीं गेले. त्याला 'परमेश्वर' हा शब्द नीट म्हणतां येई, परंतु त्याची 'स्तुति' म्हणतां येत नसे. बाहेर पोरें त्याची नक्कल करीत. त्यानें हळूहळू वाचन दुसऱ्याकडे सोंपविलें, मग प्रार्थनाहि. आणि लोक म्हणूं लागले कीं याचा पूर्वींचा आवेश थंडावला. मुलगी दाखविण्याच्या प्रसंगीं काय चालतें तें मी विस्तारानें लिहीत नाहीं. मुलीनें हंसून दाखवावें म्हणून पाहुणे काय काय युक्त्या करतात तें आया जाणतात.

आतां हा रोग काय आहे तें पाहूं. कारण न्याय करावयाचा तर आधीं खटला समजला पाहिजे. दांत घासल्यावर कांहीं तासांतच त्यांवर पुन्हां एक चिकट पातळ थर धरूं लागतो. त्यांत असंख्य सूक्ष्म जंतु असतात. हॉलंडांतील लेव्हनहुक यानें १६८३ सालीं आपल्याच दांतांवरचें किटण आपण घडविलेल्या भिंगाखालीं धरून त्यांत हालणारे जीव पाहिले व तें लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्रानें कळविलें. हा थर रोज काढला नाहीं तर तो दगडासारखा घट्ट होतो, आणि मग तो कोणत्याहि काडीनें वा मंजनानें निघत नाहीं. हत्यारानेंच काढावा लागतो. हिरडी सुजते, लाल होते, तिच्यांतून रक्त येतें. येथपर्यंत उपाय केला तर हिरडी पूर्ववत् होते. न केला तर कित्येकांच्या हिरडीचा दांतावरचा पकड सुटून तेथें खिसा पडतो, आणि त्याच्या खालीं दांताला धरून ठेवणारें हाड झिजूं लागतें. हाड एकदां गेलें कीं आपोआप परत येत नाहीं. आपण ज्याला पायोरिया म्हणतों तो हाच. दांत स्वतः किडलेला नसतो. तो चांगला पांढरा, धडधाकट असूनहि, भिंत ढांसळल्यावर खुंटी निघून यावी तसा निघून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणें हा रोग बळावलेलीं माणसें जगांत १०० कोटींहून अधिक आहेत.

या रोगाची कपटी खोड अशी कीं, तो बहुधा दुखत नाहीं. किडलेला दांत रात्रभर बोंब मारतो, म्हणून माणूस डॉक्टरकडे पळतो. हिरडीचा रोग वर्षानुवर्षें गप्प असतो.

आतां आरोप. आरोप असा कीं, यानें तोंड स्वच्छ ठेविलें नाहीं म्हणून हें झालें. हा आरोप खोटा असता तर फार सोपें झालें असतें. आपण त्यास खोटा म्हणून मोकळे झालों असतों. पण तो अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच तो इतका खोल लागतो. डेन्मार्कमधील आरहूस येथें हॅराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनीं १९६५ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ माणसांनीं दांत घासणें मुद्दाम बंद केलें. १० ते २१ दिवसांच्या आंत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणें पुन्हां सुरू करतांच सुमारें आठवड्यांत बऱ्या झाल्या. तेव्हां निष्काळजीपणाचा आणि रोगाचा संबंध नाहीं असें कोणीं म्हणूं नये.

परंतु याच गृहस्थांनीं पुढें दुसरें एक मोठें काम केलें. श्रीलंकेंतील दोन चहाच्या मळ्यांवरील ४८० तमिळ मजूर त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७० पासून १९८५ पर्यंत वेळोवेळीं तपासले, आणि १९८६ सालीं निष्कर्ष छापला. हे सर्व पुरुष एकाच प्रकारचें काम करणारे, एकाच तऱ्हेचें अन्न खाणारे, आणि दांत घासण्याची रीत कोणासच ठाऊक नाहीं. सर्वांच्या दांतांवर किटण, सर्वांच्या हिरड्या सुजलेल्या. तर्कानें पाहतां सर्वांची गत एकच व्हावयास पाहिजे होती. पण तशी झाली नाहीं. शेंकडा ८ जणांचा रोग इतक्या वेगानें वाढला कीं पंचेचाळिशीच्या सुमारास त्यांचे जवळजवळ सर्व दांत गेले. शेंकडा ८१ मध्यम गतीचे. आणि शेंकडा ११ जणांचा रोग हिरडी सुजण्यापलीकडे गेलाच नाहीं.

उपदेशकबंधूंनो, या आंकड्यांवर क्षणभर थांबावें. दोघे मजूर एकाच चाळींत राहतात. दोघांनींहि जन्मांत दांत घासलेले नाहींत. पंचेचाळिसाव्या वर्षीं एकाचें तोंड भरलेलें आहे, दुसऱ्याचें ओसाड. पहिला दुसऱ्याला म्हणेल काय कीं, तूं आळशी होतास? त्याच्याजवळ त्या बोलण्यास आधार कोणता? केवळ त्याचे दांत! ज्याला आपण शिक्षा समजतों ती अपराधाच्या मापानें वांटलेली नाहीं. कोणाच्या रक्तांतच ती दुबळीक असते. कोणास साखरेचा रोग असतो, त्यानें हिरडीच्या रोगाचा धोका दुपटी-तिपटीनें वाढतो, आणि हिरडीचा रोग उलट साखर आंवरूं देत नाहीं. गरोदरपणांत हिरड्या अधिक सुजतात. त्यावरून पोराने आईचा दांत खाल्ला असें आपल्या बायका म्हणतात, पण बिचाऱ्या पोराचा त्यांत दोष नाहीं, आणि त्या दिवसांत तोंडाची निगा ठेवली तर दांतहि जात नाहीं.

मशेरीची गोष्ट याहून दुःखाची आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, तिची पूड करून दांतांस लावण्याची चाल आपल्या खेड्यांत बायकांत केवढी आहे तें सांगावयास नको. तंबाखू घातलेलीं दंतमंजनें १९९२ सालीं केंद्र सरकारनें बंद केलीं. पण घरच्या तव्याला कायदा कसा बंद करणार? बाई म्हणते, मी तर दांत घांसतें, दिवसांतून दोनदां घांसतें! तिच्या आईनें तिला तेंच शिकविलें. आणि तंबाखूचा एक गुण असा कीं, ती हिरडीचें रक्त येणें कमी करिते. म्हणजे घराला आग लागली असतां हांक मारणाऱ्या राखणदाराचेंच तोंड दाबावें तसें होतें. आंत हाड झिजत असतें, आणि बाहेर रक्त न दिसल्यामुळें मशेरीनें बरें वाटलें असा तिचा समज होतो. आमच्या त्या बाईची कथा हीच होती. रक्त आलें कीं ती मशेरी अधिक लावी. ती निष्काळजी नव्हती. तिला जी काळजी माहीत होती ती तिनें मन लावून घेतली, आणि तिच्यानेंच घात झाला.

येथें कोणी म्हणेल कीं, आपण सर्वांस दोषमुक्त करूं लागलों तर कोणी दांत घांसणारच नाहीं. थोडी लाज पाहिजे, लाजेनेंच माणूस सुधारतो. या म्हणण्यांत तथ्य आहे. आई पोराला "शी, तोंड धूऊन ये" म्हणते, त्यांत तिचें चुकत नाहीं. ज्याला समजावून सांगितल्यावरहि जो तंबाखूची पुडी खिशांतून काढतो त्याला दोन शब्द कठोर बोलावे. मीं बोललेले आहेत. पण पोराला धुण्याची जागा समोर आहे, म्हणून तेथें लाज कामाची. दांत गेलेल्या माणसास ती जागा राहिलेली नाहीं. त्याला लाजवून आपण त्याला कोठें पाठवीत आहों? भिंतीकडे. आणि भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्याच्या हिरड्या कोणता डॉक्टर पाहील? अपराध कबूल करावयाचा तर तोंड उघडावें लागतें. लाजेनें तें मिटतें. या रोगांत तर हें अक्षरशः खरें आहे. त्या बाईचे दोनच दांत हालत असतां ती डॉक्टरकडे गेली असती तर पुढचे चार बहुधा राहिले असते. ते चार रोगानें नेले असें आपण म्हणूं. मला वाटतें, आम्हीं नेले.

आम्ही म्हणतों त्यांत मंडळीचा भाग विशेष आहे, तो लपविण्यांत अर्थ नाहीं. स्वच्छतेचा उपदेश आमच्या व्यासपीठांवरून पुष्कळ झाला, आणि त्यानें हितहि पुष्कळ झालें. पण नवें अंतःकरण आणि घांसलेलें भांडें यांची जोडी आम्हीं इतकी घट्ट बांधली कीं, ज्याच्या तोंडास वास येतो त्याच्या आत्म्यासहि येत असेल असें लोकांस वाटूं लागलें. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं विचारलें कीं, पाप कोणाचें, याचें कीं याच्या आईबापांचें? तो प्रश्न आम्ही सर्व जाणतों, आणि त्यावर उपदेशहि करतों. परंतु प्रभूनें तेथें दोहोंपैकीं कोणाचेंहि नांव घेतलें नाहीं, व लगेच मातीचा चिखल करून त्या मनुष्याच्या डोळ्यांस लावला, याकडे आमचें लक्ष थोडें कमी असतें. चाळिशींतलें बोळकें तोंड दिसलें कीं आम्ही शिष्यांचाच प्रश्न विचारतों, आणि चिखल भिजवावयास कोणी बसत नाहीं.

ही लाज गरिबांनाच असते असें मात्र समजूं नये. जॉर्ज वॉशिंग्टन यानें १७८९ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हां त्याच्या तोंडांत स्वतःचा एकच दांत उरला होता. त्याच्या कवळ्या लांकडाच्या होत्या अशी दंतकथा आहे, ती खरी नाहीं; पाणघोड्याचे दांत, माणसांचे दांत, शिसें व स्प्रिंगा यांच्या त्या केलेल्या असत, आणि त्यांच्या दाबानें त्याचे ओंठ फुगून दिसत. ज्याच्या शब्दावर सैन्य चाललें त्याला तोंड उघडण्याचें संकट वाटावें! पण त्याच्या हिशेबाच्या वहींत १७८४ सालची एक नोंद आहे. दंतवैद्याकरितां नऊ दांत घेतले, आणि त्याबद्दल निग्रोंस १२२ शिलिंग दिले. हे लोक बहुधा त्याचे गुलाम असावेत. ते नऊ दांत पुढें कोणाच्या तोंडांत बसले तें वहींत नाहीं. ज्यांच्या तोंडांतून निघाले त्यांचीं नांवेंहि नाहींत. मोशेच्या नियमशास्त्रांत, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत, धन्यानें आपल्या दासाचा वा दासीचा दांत पाडला तर त्या एका दांताबद्दल त्यास मोकळें करून जाऊं द्यावें असें सांगितलें आहे. एका दांताची किंमत तेथें सबंध माणसाची मोकळीक अशी धरली आहे. ही दोन खातीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे माझ्या मनांत असें येतें कीं, श्रीमंताला आपल्या लाजेचा खर्च दुसऱ्याच्या नांवें टाकतां येतो. शेतमजूर बाईला तो स्वतःच्या पोटांतून भागवावा लागतो.

आतां माझें स्वतःचें. हें लिहिणार नव्हतों. पण बाईचें लिहून स्वतःचें लपविणें बरें नव्हे. वरील गोष्टीनंतर चारेक वर्षांनीं, माझ्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, सकाळीं थुंकतांना लाल दिसूं लागलें. मला सर्व ठाऊक होतें. रक्त म्हणजे काय, पुढें काय होतें, मीं तें चार लोकांस समजावलें होतें. तरी ब्रश कडक आहे अशी मीं स्वतःची समजूत घातली, आणि तो बदलला. पत्नीनें विचारलें तेव्हां उडवाउडवी केली. व्यासपीठावर बोलतांना माझा हात आपोआप ओंठांकडे जाऊं लागला. एक वर्ष असेंच काढलें. शेवटीं तालुक्याच्या गांवीं डॉक्टरच्या खुर्चींत बसलों. तोंड उघडा असें त्यांनीं दोनदां म्हटलें, आणि माझें तोंड उघडेना. मला काय वाटत होतें? दुखेल अशी भीति नव्हती. हा तरुण मनुष्य आंत पाहील आणि मी कसा आहें तें त्याला कळेल, ही भीति होती. खालचे दोन दांत गेले. बाकीचे किटण काढल्यामुळें टिकले आहेत.

येथें दोन समजुतींविषयीं लिहिणें अवश्य आहे. किटण काढल्यानें दांत ढिले होतात असें पुष्कळ लोक म्हणतात. दांत आधींच हाड गेल्यामुळें ढिला असतो. त्याला किटणानेंच धरून ठेविलेलें असतें, म्हणून तें निघतांच हालणें कळून येतें. तसेंच वरचा दांत काढला कीं दृष्टि जाते, हें निव्वळ खोटें आहे. या दोन समजुतींपायीं लोक जितके दांत गमावतात तितके आळसानें गमावीत नसावेत.

बाईची गोष्ट अर्धीच राहिली. तिच्या परवानगीनें मीं ती वडिलांच्या सभेंत सांगितली. डॉक्टरचें म्हणणें असें पडलें कीं, हिरडीचा रोग पडशासारखा एका पेल्यानें लागत नाहीं. तथापि रक्ताविषयींची तिची धास्ती अगदींच अवाजवी नव्हती. सर्वांकरितां लहान लहान वेगळे पेले घ्यावे असें ठरलें, पण पैसे नव्हते. तोंपर्यंत काय? एका वडिलांनीं सुचविलें कीं, तोंपर्यंत तिला सर्वांच्या शेवटीं पेला द्यावा म्हणजे झालें. त्यांच्या मनांत वाईट नव्हतें. पण शेवटीं बसविणें म्हणजे काय हें आपल्या लोकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कोणी कांहीं बोलेना. तेव्हां तिची जाऊ, जिच्याशीं तिचें भांडण आम्हीं परस्पर लावून दिलें होतें, ती दाराशीं ऐकत उभी होती, ती म्हणाली, "मग शेवटनं दुसरी ती. तिच्या मागनं मी पिते."

त्याच सभेंत पेल्यांची वर्गणी जमली.

बाईचे एकंदर सहा दांत काढावे लागले. तिनें मशेरी एकदम सोडली असें लिहितां आलें असतें तर बरें वाटलें असतें. तिनें ती दोनदां सोडून दोनदां धरली, तिसऱ्यांदा सुटली. पुढें कवळी बसविली. कवळीनें भाकरी चावत नाहीं असें तिचें म्हणणें आहे, म्हणून जेवतांना ती काढून पदराच्या गांठींत बांधते आणि गातांना घालते. मी ती मंडळी सोडून दुसरीकडे गेलों त्याच्या आदल्या रविवारीं तिनें भजन उचललें, आणि दुसऱ्या कडव्याशीं तिच्या लक्षांत आलें कीं कवळी अजून गांठींतच आहे. तिनें गांठ चांचपली, जावेकडे पाहिलें, आणि पदर होता तेथेंच राहूं देऊन तशीच गात राहिली.